एकतीस खोकी आणि एक टर्बो

तुमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एक तरी असा नग असतोच. गाडी साधीच हॅचबॅक, पण मागे डब्याएवढा जाड सायलेन्सर, दरवाजावर स्टिकर, आणि संध्याकाळी साहेब निघाले की तिसऱ्या मजल्यावरच्या एचआरलाही कळतं. आवाज वाघाचा, पिकअप शेळीचा! कारण सगळा पगार गेलाय तो दिसणाऱ्या आणि ऐकू येणाऱ्या पार्ट्सवर. इंजिन बिचारं होतं तसंच.

या जमातीच्या बरोब्बर उलट्या टोकाला माझी मावसबहीण बसलीय. ताई न्यू जर्सीत एडिसनला असते, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि तिच्याकडे १९९४ सालची माझदा मियाटा आहे. बाहेरून बघाल तर गाडीवर एक स्टिकरसुद्धा नाही. पण गॅरेजमध्ये गेल्या चौदा महिन्यांत तीस खोकी जमलीत. इंजिनाला टर्बो बसवायचाय म्हणून. आणि अजून एक नटसुद्धा ढिला केलेला नाही.

‘‘चौदा महिने? अगं, मग सुरुवात कधी करणार?’’ व्हिडिओ कॉलवर मी विचारलं.

‘‘आधी गॅस पेटवून मग तांदूळ आणायला जातोस का रे तू?’’ ताई.

आता तुम्ही म्हणाल, माझदा कुठली? आपल्याकडे माझदा म्हणजे स्वराज माझदा, शाळेची बस नाहीतर कंपनीच्या शिफ्टची! पण त्याच जपानी माझदाने १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये एक चिमुकली, दोन सीटची, टप उघडणारी, मागच्या चाकांवर पळणारी गाडी दाखवली आणि जगाला वेड लावलं. २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी कारखान्यातून बाहेर पडली. आणि ही आयडिया मुळात कोणाची, माहित्येय? बॉब हॉल नावाच्या एका ऑटो पत्रकाराची. साध्या, हलक्या, ब्रिटिश धाटणीच्या स्पोर्ट्स कार आता कोणी बनवत नाही, तुम्ही बनवा, असं त्याने १९७९ मध्ये माझदाच्या केनिची यामामोटोंना सुचवलं होतं. पत्रकाराचं कोणीतरी ऐकलं, हे कळून मला जाम बरं वाटलं. इथे माझी मानधनाची ईमेलसुद्धा कोणी उघडत नाही.

तर ताईच्या गाडीत १.८ लिटरचं इंजिन आहे, १२८ हॉर्सपॉवरचं. गाडीचं वजन हजार किलोंच्या जरा वर. तिला चाकांवर मोजलेले २०० हॉर्सपॉवर हवेत. ‘चाकांवर मोजलेले’ हे शब्द महत्त्वाचे. ब्रोशरमधला आकडा इंजिनाचा असतो. गिअरबॉक्समधून रस्त्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातला काही भाग वाटेतच जिरतो. आणि ब्रोशरचं तरी काय सांगावं! २००१ च्या मियाटाचे अमेरिकेत १५५ हॉर्सपॉवर जाहीर झाले होते, निघाले १४२. शेवटी नाराज ग्राहकांकडून गाडी परत घ्यायची तयारी कंपनीला दाखवावी लागली.

टर्बोचा फंडा सोपा आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एरवी फुकट जातो. त्यावर एक चक्र फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. जास्त हवा म्हणून जास्त पेट्रोल, जास्त पेट्रोल म्हणून जास्त ताकद. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असतं. खरी गंमत पुढे आहे. कोंबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर लागतो. जादा पेट्रोल लागणार, म्हणून मोठे इंजेक्टर आणि मोठा पंप. गाडीच्या मूळ कॉम्प्युटरला टर्बो नावाचा प्राणी माहीतच नाही, म्हणून नवा ईसीयू. ताकद वाढली की जुना क्लच घसरणार, म्हणून क्लच. एका ‘म्हणून’मागे दुसरा ‘म्हणून’ लागतो, आणि प्रत्येक ‘म्हणून’ डॉलरमध्ये असतो.

बहुतेक लोक टर्बो पहिला घेतात. साहजिक आहे, तोच चमकतो ना! कपाटावर ठेवून फोटोबिटो काढता येतात. मग पैसे संपतात, मग धीर संपतो, मग बाकीचं ‘बघू नंतर’ म्हणत गाडी चालू केली जाते. ताईने टर्बो घेतला तो एकविसाव्या खोक्यात. पहिल्या खोक्यात काय होतं, तर कॉम्प्रेशन मोजायचं मीटर. तीस वर्षं जुनं इंजिन हा ताण झेलेल का, हे आधी बघायला नको? चार सिलिंडर, चार आकडे, आणि चारही एकमेकांजवळ हवेत. एक जरी बराच खाली आला असता, तर प्रोजेक्ट तिथेच खल्लास. आले १७८, १८०, १७५, १७८. त्या दिवशी ताईने मावशीला फोन करून हे आकडे सांगितले. मावशीला वाटलं, शुगरचे आहेत.

दुसऱ्या खोक्यात वाइडबँड सेन्सर. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. टर्बो जोरात असताना मात्र पेट्रोल मुद्दाम जास्त द्यावं लागतं, साडेअकरा-बारा ग्रॅम हवेला एक ग्रॅम. ते कमी पडलं तर मिश्रण आपलंआपणच भडकतं, आतून हातोडी मारल्यासारखी टकटक ऐकू येते, आणि पिस्टनचे तुकडे पडायला फार वेळ लागत नाही. हे प्रमाण क्षणाक्षणाला दाखवणारा हा सेन्सर. ताकद एका पैशाची वाढवत नाही. ताईच्या यादीतले निम्म्याहून जास्त पार्ट्स याच जातीचे आहेत.

माझा सगळ्यात आवडता पार्ट म्हणजे पाण्याचा. या घराण्याची इंजिनं मूळ माझदा ३२३ सारख्या पुढच्या चाकांच्या गाड्यांत आडवी बसायची. मियाटासाठी इंजिन उभं फिरवलं, आणि गरम पाणी बाहेर पडायची वाट ठेवली पुढच्याच बाजूला. पाणी आत येतंही पुढून. त्यामुळे सगळ्यात मागच्या, चौथ्या सिलिंडरकडे पाण्याचा ओघ कमी. चाळीच्या शेवटच्या खोलीतल्या नळासारखी अवस्था! मूळ १२८ हॉर्सपॉवरला हे चालून जातं. २०० ला त्या चौथ्याचं काही खरं नाही. म्हणून पाण्याची वाट इंजिनाच्या मागच्या टोकाला न्यायचा एक सेट मिळतो: एक थर्मोस्टॅटचं घर, एक लांब होज, थोडे क्लॅम्प. दिसायला अगदी बाथरूमचं सामान. खोका नंबर सहा.

मग आला रॉडचा वाद. पिस्टन आणि क्रँकशाफ्ट यांना जोडणारे कनेक्टिंग रॉड या इंजिनाचा कच्चा दुवा मानले जातात. टॉर्क फार वाढवला की वाकतात. फोर्ज्ड रॉड घातले की तो प्रश्न मिटतो, पण त्यासाठी इंजिन बाहेर काढून पूर्ण खोलावं लागतं. ‘‘मग घाल ना एकदाच,’’ मी म्हटलं. ताईने नाही म्हटलं. मूळ रॉड झेलतील तेवढीच हवा कोंबायची आणि २०० वर थांबायचं. थांबायचा आकडा आधी ठरवून त्याप्रमाणे खरेदी करणारी माणसं मला फार भेटलेली नाहीत. आमच्या मित्रांत तर टीव्हीसुद्धा दुकानात गेल्यावर दहा इंचांनी वाढतो.

टर्बो तिने सेकंडहँड घेतला, पेन्सिल्व्हेनियात कोणाच्या तरी गॅरेजमधून. तीन तास ड्राइव्ह करून गेली आणि आधी बोटाने दांडा हलवून बघितला. आडवा किंचित हलला तर चालतं. पुढेमागे हलला, की नमस्कार करून परत यायचं. मग पात्यांच्या कडा बघितल्या. एक जरी पातं टवका उडालेलं असेल, तर आधीच्या मालकाकडे काहीतरी आत गेलेलं असतं. सगळं ठीक होतं. घासाघीस केली का, हे मी विचारलं नाही. मावशीची मुलगी आहे ती.

पण मंडळी, प्रोजेक्ट अडतात ते टर्बोवर नाही, चिल्लर सामानावर. तांब्याचे वॉशर, गॅस्केट, तेलाच्या नळीचा टी-जॉइंट... आठ डॉलरच्या गॅस्केटवाचून गाडी तीन आठवडे जॅकवर उभी राहिल्याच्या गोष्टी तिकडे घरोघरी आहेत. टर्बो धरून ठेवणारे साधे स्टड तर लाल होण्याइतक्या उष्णतेत हळूहळू सैल होतात, नट गळून पडतात. त्यावर इंकोनेल या मिश्रधातूचे स्टड आणि लॉकिंग नट हा उपाय. दिसायला बोटभर खिळे, किंमत ऐकाल तर पिझ्झा पार्टी कॅन्सल कराल.

यातला एक पार्ट, सांगायला अभिमान वाटतो, भोसरीचा आहे! टर्बोला वंगण देऊन झालेलं तेल खाली ऑइल पॅनमध्ये परत न्यायला नळी लागते, आणि नळीच्या तोंडाशी एक छोटा फ्लँज. ताईला हवा होता त्या मापाचा तयार मिळेना. तिने ड्रॉइंग पाठवलं, मी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपवर धडकलो. मालकांनी चष्मा कपाळावर चढवून ड्रॉइंग बघितलं. ‘‘किती नग?’’

‘‘एक.’’

‘‘एक?’’ त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी होलसेल मार्केटमध्ये एक मिरची मागितली होती. मग विचारलं, ‘‘तेल वरून खाली आपोआप येणार ना? पंप नाही ना मध्ये? मग भोक दीड मिलिमीटर मोठं ठेवू. गरम तेलाला फेस असतो, साहेब.’’ ताईला कळवलं. पलीकडे दोन मिनिटं शांतता, मग नवं ड्रॉइंग. चार दिवसांनी फ्लँज तयार, अठराशे रुपये. मावशीच्या बॅगेतून, मेतकूट आणि पोह्याच्या पापडांच्या मध्ये बसून तो अमेरिकेला गेला. खोका नंबर सत्तावीस. त्यावर ताईने मार्करने ‘भोसरी’ असं लिहिलंय.

तुमच्या डोक्यात आता स्वतःच्या गाडीचे विचार सुरू झाले असतील तर जरा ब्रेक. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच ठणकावलं. पोलिसाचं सोडा, अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला कळवलेले नसले, तर क्लेमचं घोडं तिथेच अडू शकतं. तिकडेही अगदी मोकळं रान नाही. कॅलिफोर्नियात अशा पार्ट्सना राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक लागतो. न्यू जर्सीत असूनही ताईच्या यादीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आहेच, कारण तो काढून टाकणं देशभर बेकायदा आहे.

एवढं सगळं ऐकून मला वाटायचं, ताई अतीच नीटनेटकी आहे. एक्सेल शीट, खोक्यांना नंबर, प्रत्येक नटाचं माप... खरं कारण तिने एका रात्री सहज सांगितलं.

ताई एच-वन-बीवर आहे. नोकरी गेली, तर नवी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त साठ दिवस. ग्रीन कार्डची भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब. २०२३ मध्ये तिच्या टीममधले निम्मे लोक एका सकाळी कमी झाले. ती राहिली. त्या संध्याकाळी तिने गॅरेजमध्ये बसून हिशोब केला, की साठ दिवसांत आवरायची वेळ आली तर या गाडीचं काय? भारतात आणता येणार नाही. तीन वर्षांहून जुनी वापरलेली गाडी आपण आयात करू देत नाही, आणि स्टिअरिंगही डावीकडे.

‘‘बंद खोक्यातले पार्ट्स जवळजवळ घेतलेल्या भावात जातात,’’ ती म्हणाली. ‘‘चालती गाडी एका वीकएण्डला विकता येते. पण उघडलेलं इंजिन आणि अर्धवट सुटे पार्ट्स? भंगारवाला येतो रे मग. म्हणून सगळं हातात आल्याशिवाय मी बोनेट उघडत नाही. उघडलं, की दहा दिवसांत गाडी परत रस्त्यावर.’’

मी काहीच बोललो नाही. तिच्या मागे खोकी दिसत होती, मापात रचलेली, नंबर बाहेरच्या बाजूला.

आता फक्त एक काम असं उरलंय, जे केल्यावर मागे फिरता येत नाही. तेल परत येण्यासाठी ऑइल पॅनला भोक पाडून आटे पाडावे लागतात. पॅन काढायचा तर इंजिन उचलावं लागतं, म्हणून लोक तो जागेवरच ड्रिल करतात. ड्रिलच्या टोकाला भरपूर ग्रीस लावायचं, म्हणजे धातूचा कीस त्याला चिकटून बाहेर येतो, आत तेलात पडत नाही.

व्हिसाचं एक्स्टेन्शन मागच्या महिन्यात मंजूर झालं, तीन वर्षांचं. ताईने नोव्हेंबरमधली दहा दिवसांची रजा टाकलीय. परवा रात्री फोटो आला: ड्रिल बिट आणि आटे पाडायचा टॅप, खोका नंबर एकतीस. ग्रीसचा डबा तिच्याकडे आधीपासून आहे.