सहा मिनिटांचा रस्ता

शुक्रवारची रात्र, साडेदहाचा सुमार. ऑफिसचा मेल बंद, माइनक्राफ्ट चालू. लॉग-इन होतोय न होतोय तोच चॅटमध्ये पहिली ओळ पडते, ‘अरे टीपी दे ना यार, कोण चालणार एवढं!’ हाय नाही, हॅलो नाही, जेवलास का नाही. डायरेक्ट टीपी!

मंडळी, आम्हा कॉलेजच्या मित्रमैत्रिणींचा एक छोटासा सर्व्हर आहे आणि मी त्याचा अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिन म्हणजे सोसायटीचा सेक्रेटरी समजा. पगार शून्य, तक्रारी शंभर. त्यातली सगळ्यात जुनी तक्रार टेलिपोर्टची. वर्षभर मी ती कानाआड केली, मग एका रविवारी ‘घ्या बाबांनो’ म्हणून मान्य केली, आणि तिथेच माती खाल्ली.

ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. माइनक्राफ्ट 2011 साली पूर्ण स्वरूपात बाजारात आला. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. सर्व्हायव्हल मोडमध्ये लाकूड तोडा, खाणीत उतरा, घर बांधा, रात्री राक्षसांपासून जीव वाचवा. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. साधं चाललात तर सेकंदाला सव्वाचार ठोकळे, पळालात तर साडेपाचच्या जरा वर. आमच्या स्पॉनपासून, म्हणजे नवा माणूस जिथे पहिल्यांदा उगवतो तिथून, वाळवंटातलं गाव 2000 ठोकळे दूर. चालत जवळजवळ आठ मिनिटं, पळत सहा.

हे अंतर छळतं म्हणून आमच्यातल्या एकाने रेल्वे टाकली. गंमत नाही, दोन महिने लागले त्याला. सहा लोखंडी इनगॉटमधून सोळा रूळ निघतात, म्हणजे या लाइनला सातशेच्या वर इनगॉट. शिवाय साधारण दर 38 ठोकळ्यांवर गाडीला ढकलणारा पॉवर्ड रूळ, त्यात सोनं. मधे दोन स्टेशनं, एक पूल, एक बोगदा. गाडी सेकंदाला आठ ठोकळे पळते, त्यामुळे प्रवास चार मिनिटं दहा सेकंदांवर आला. उद्घाटनाला आम्ही सगळे रात्री एक वाजेपर्यंत जागे होतो. दुसऱ्या दिवशी सोमवार होता, हे विशेष!

आणि मग मी प्लगिन टाकला. मूळ गेममध्ये टेलिपोर्टची कमांड फक्त ऑपरेटरच्या हातात असते. प्लगिन आला की ती सगळ्यांच्या हातात येते. ‘होम’ लिहा, घरी. ‘स्पॉन’ लिहा, चौकात. ‘टीपीए’ने मित्राची परवानगी मागा आणि त्याच्या शेजारी उभे राहा. ‘बॅक’ लिहा, जिथे मेलात तिथे परत. सगळं चकटफू, सगळं एका सेकंदात.

पहिला आठवडा धम्माल. दुसऱ्या आठवड्यात काहीतरी बिनसल्याचं जाणवायला लागलं. सर्व्हरवर आठ जण ऑनलाइन, पण रस्त्यात कोणीच भेटेना. पूर्वी वाटेत एखादा दिसायचा, ‘कुठे निघालास, चल मीपण येतो’ व्हायचं. आता सगळे आपापल्या घरी नाहीतर आपापल्या खाणीत.

वाळवंटात एका मैत्रिणीचं वाळू आणि काचेचं दुकान होतं. ते बसलं. कारण सोपं आहे. टेलिपोर्ट फक्त माणूस नेत नाही, त्याचा अख्खा खिसा नेतो. 36 खण, प्रत्येकात 64 नग, म्हणजे एका खेपेला 2304 ठोकळे वाळू, एका सेकंदात. तिच्या दुकानात वाळूला भाव होता तो वाळूचा नव्हता, अंतराचा होता. अंतर गेलं, भाव गेला.

मरणाची भीतीही गेली. मेल्यावर सामान तिथेच सांडतं आणि पाच मिनिटांत नाहीसं होतं. ते गाठण्यासाठी जी धावपळ व्हायची, त्यातूनच आमचे निम्मे किस्से तयार झाले होते. ‘बॅक’ आल्यापासून एकही नवा किस्सा नाही.

आणि रेल्वेवाला? तो काहीच बोलला नाही. हळूहळू यायचाच बंद झाला. शेवटी मी फोन केला.

‘‘काय रे, बिझी आहेस का?’’
‘‘नाही रे, येतो कधीतरी.’’
‘‘रेल्वे बंद केलेली नाही कोणी. चालू आहे अजून.’’
‘‘चालू आहे रे. पण बसतंय कोण?’’

यावर काय बोलणार, सांगा! मी लगेच सगळ्या कमांड्स काढून टाकायला निघालो. तेवढ्यात दुसऱ्या मैत्रिणीचा मेसेज आला. तिची मुलगी दोन वर्षांची. पोरगी झोपल्यावर हिला मिळतो अर्धा तास. ‘सहा मिनिटं जायला, सहा यायला, मग मी खेळू कधी? दिवसभर हिंजवडीचा ट्रॅफिक खाऊन आल्यावर इथेपण प्रवासच करू का?’ तिचंही शंभर टक्के बरोबर होतं.

मग मी जरा डोकं लावलं. शॉर्टकट तर गेमनेही दिलेत. नेदर नावाच्या पाताळात एक पाऊल टाकलं की वर आठ पावलं सरकतात, म्हणजे आमचे 2000 ठोकळे तिथे 250 होतात. पण दरवाजासाठी किमान दहा ऑब्सिडियन लागतात, आणि आत लाव्हा आणि आगीचे गोळे फेकणारी भुतं. एंडर पर्ल फेकलात की जिथे पडेल तिथे तुम्ही, पण अडीच बदाम जीव जातो. एलिट्राचे पंख हवेत? आधी ड्रॅगन मारा, मग पलीकडच्या जहाजातून मिळवा. म्हणजे गेमचा शॉर्टकटला विरोध नाही, फुकट शॉर्टकटला आहे! प्रत्येक उडीची किंमत कुठेतरी वसूल होते: वेळात, मालात, नाहीतर जिवात. माझ्या कमांडची किंमत होती शून्य. घोळ तिथे होता.

मग एका रविवारी व्हॉइस कॉलवर सगळे जमलो, रेल्वेवाल्यालाही ओढून आणला. दोन तास भांडलो आणि हे ठरलं. घर प्रत्येकाला एकच, आणि ‘होम’ अर्ध्या तासातून एकदा. म्हणजे मुलगी उठली की आई एका सेकंदात घरी, पण त्यावर वाळूचा धंदा होणार नाही. ‘स्पॉन’ सगळ्यांना खुला, फक्त आधी पाच सेकंद जागचं हलायचं नाही. नाहीतर भांडणात हरायला लागला की जो तो गायब! ‘टीपीए’ला सर्व्हरच्या चलनात पैसे. नवीन आलेल्याला पहिला आठवडा फुकट, कारण त्याला आधी माणसं भेटायला हवीत. ‘बॅक’ कायमचं बंद. रँडम टेलिपोर्टही नाही, कारण प्रत्येक उडीला नवा प्रदेश तयार करताना सर्व्हरला घाम फुटतो.

दुकानवालीने विचारलं, ‘‘पण टीपीएचे पैसे जाणार कोणाकडे?’’ दोन मिनिटं शांतता. मग पोरगीवालीच म्हणाली, ‘‘रेल्वेला द्या. रूळ दुरुस्त कोण करतं?’’

आता सगळं आलबेल आहे असं नाही. एक जण अजून कुरकुरतो, अर्ध्या तासाचा वीस मिनिटं करा म्हणून. करूही कदाचित. हे आकडे काही दगडावरची रेघ नाहीत. माणसांना वेळ किती आहे, जग केवढं आहे, त्यावर ते बदलत राहणार. मी फक्त एकच प्रश्न धरून ठेवलाय: ही कमांड दिल्यावर कोणाची मेहनत फुकट जातेय का? जात असेल तर तिला किंमत लावायची. आणि किंमत लावल्यावर कोणी बाहेर फेकलं जातंय का? जात असेल तर ती कमी करायची.

परवा रात्री मुद्दाम रेल्वेने गेलो. मधल्या स्टेशनवर गाडी थांबली, तर फलाटावर दुकानवाली उभी. खिशात 2304 ठोकळे वाळू.

‘‘टीपी का नाही घेतलीस?’’ मी विचारलं.

‘‘परवडत नाही,’’ ती म्हणाली, ‘‘आणि तुम्ही लोक भेटता तरी कुठे?’’

मागून तिसरी गाडी येत होती. रेल्वेवाला! बोगद्यात दिवे लावायचे राहिलेत म्हणे.