८५ टक्क्यांचे चित्र आणि ‘भारतीय संशोधन’

#थ्रेड

१/ ऑक्टोबर २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली : तंबाखूच्या प्रत्येक वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचा ८५ टक्के भाग धोक्याच्या चित्राने व मजकुराने व्यापावा. तोवर चित्र एकाच बाजूस, ४० टक्के जागेत असे. अंमल १ एप्रिल २०१५ पासून होता.

२/ तो झाला नाही. संसदेच्या दुय्यम विधिविधान समितीने निर्णय रोखण्याची सूचना केली. समितीचे अध्यक्ष अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो असे सांगणारी संशोधने परदेशातील आहेत, भारतात असे संशोधन झालेलेच नाही, हा त्यांचा युक्तिवाद.

३/ हा युक्तिवाद अज्ञानातून आला असेल, तर ते अज्ञान अक्षम्य होते. १९५५ साली संघवी, राव आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणे आणि मुख-घशाचा कर्करोग यांच्या संबंधावरील शोधनिबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. नियतकालिक विलायती, रुग्ण आणि संशोधक मुंबईचे.

४/ डॉ. फली मेहता व सहकाऱ्यांनी तर महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांची तोंडे तपासली. तो अहवाल १९७२ मध्ये छापून आला. जिल्हा कोणता? पुणे. अहमदनगरला लागून असलेला!

५/ समितीचे एक सदस्य, अलाहाबादचे श्यामाचरण गुप्ता, स्वतः विडी उद्योजक. सतत धूम्रपान करूनही धडधाकट असलेली माणसे आपण दाखवू शकतो, असे ते जाहीरपणे म्हणाले. स्वयंसेवी संस्थांनी मंत्र्यांची भेट मागितली की ती ‘लॉबी’ ठरते. विडीचा कारखानदार विडीचे नियम तपासायला बसला, तर त्याला काय म्हणावे? संसदीय कामकाज, बहुधा.

६/ ‘व्हॉइस ऑफ टोबॅको व्हिक्टिम्स’सारख्या चळवळींनी आकडेवारीच्या पुढे रुग्णांनाच उभे केले. शासनाच्या तंबाखूविरोधी जाहिरातीतील सुनीता तोमर त्यांपैकी एक. गांधींच्या विधानाने व्यथित होऊन तिने पंतप्रधानांना पत्र लिहिले. वय २८. काही दिवसांतच मुंबईत तिचा मृत्यू झाला. तारीख १ एप्रिल २०१५ : जिथून नवी चित्रे छापली जायची होती, तीच.

७/ जेमतेम सहा आठवड्यांपूर्वी, १६ फेब्रुवारीला, महाराष्ट्राने आर. आर. आबांना मुखाच्या कर्करोगाने गमावले होते. त्या शोकसभांत बसलेल्यांना ‘भारतीय पुरावा’ आणखी कोणता हवा होता?

८/ अखेर १ एप्रिल २०१६ ला नियम लागू झाला, तोही न्यायालयांचे दार ठोठावल्यावर. समिती मात्र त्याच सुमारास ५० टक्क्यांची शिफारस करत होती. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम रद्द केला. ‘हेल्थ फॉर मिलियन्स’ हा न्यास सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ८ जानेवारी २०१८ ला त्या निकालास स्थगिती मिळाली. ८५ टक्क्यांचे चित्र वेष्टनावर कायम राहिले.