नाव विचारून जावं असे डोंगर

सुट्टीचं प्लॅनिंग सुरू झालं की घरात आधी तिकिटं बघितली जातात, मग हॉटेल, मग ‘तिथे बघण्यासारखं काय काय आहे’ याची यादी. त्या जागेचं नाव काय, ते कुणी ठेवलं, हा प्रश्न सहसा यादीत नसतो. पण काही जागा अशा असतात की त्यांचं नाव नीट समजून घेतलं, तर तिथे कसं वागायचं हेही समजतं.

आज अशाच एका जागेची गोष्ट. ती आहे ऑस्ट्रेलियाच्या मधोमध, लाल मातीच्या वाळवंटात. मुलगा-सून किंवा मुलगी-जावई सिडनी-मेलबर्नला असतील, तर तिकडे गेल्यावर कधीतरी हा बेत ठरू शकतो. आणि नाही ठरला, तरी ही गोष्ट आपल्या घराजवळच्या डोंगरापर्यंत येऊन पोचणार आहे.

एक खडक, दोन नावं

सपाट माळरानावर अचानक उभा राहिलेला 348 मीटर उंचीचा एकच अजस्र खडक. पायथ्याने पूर्ण फेरी मारायची तर सुमारे 10 किलोमीटर चालावं लागतं. इथले मूळ रहिवासी, म्हणजे अनंगू लोक, त्याला पिढ्यानपिढ्या ‘उलुरू’ म्हणत आले आहेत.

1873 मध्ये विल्यम गॉस नावाचा सर्व्हेअर तिथे पोचला. त्याने साउथ ऑस्ट्रेलियातले बडे राजकारणी सर हेन्री एअर्स यांच्या नावावरून खडकाचं नाव ठेवलं ‘एअर्स रॉक’. जणू त्याआधी त्याला नावच नव्हतं! पुढची शंभराहून जास्त वर्षं नकाशावर आणि पोस्टकार्डांवर हेच नाव छापलं गेलं.

26 ऑक्टोबर 1985 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने ही जमीन अनंगूंना कायद्याने परत दिली. अनंगूंनी ती नॅशनल पार्कसाठी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिली आणि दोघांनी मिळून सांभाळायचं ठरलं. 1993 मध्ये अधिकृत नाव झालं ‘एअर्स रॉक / उलुरू’. 2002 मध्ये क्रम बदलला आणि ते झालं ‘उलुरू / एअर्स रॉक’. मधल्या त्या तिरप्या रेघेच्या पलीकडून अलीकडे यायला उलुरूला नऊ वर्षं लागली.

मग ‘उलुरू’चा अर्थ काय?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. आधी शेजारच्या डोंगराचं बघू. उलुरूच्या पश्चिमेला 36 घुमटांसारख्या खडकांचा एक समूह आहे. त्याचं नाव ‘काता जुटा’. काता म्हणजे डोकं आणि जुटा म्हणजे पुष्कळ. लांबून बघितलं तर खरंच बरीच डोकी एकमेकांना टेकून बसल्यासारखी दिसतात. त्यातला ‘ट’ आपल्या ‘ट’सारखाच जीभ वळवून म्हणायचा, त्यामुळे इंग्रजांपेक्षा आपल्याला हे नाव सोपं जातं. 1872 मध्ये अर्नेस्ट जाइल्स या प्रवाशाला हे खडक दुरून दिसले आणि त्यातल्या सर्वांत उंच खडकाला नाव मिळालं युरोपातल्या एका राणीचं, ओल्गाचं.

आता उलुरू. या शब्दाचा दुसरा काही अर्थ नाही. ते त्या जागेचं विशेषनाम आहे, बस. इंटरनेटवर त्याचे वेगवेगळे अर्थ सापडतील, पण तिथले लोक तसं सांगत नाहीत.

इथे एक गंमत आहे. काता जुटा या नावाचा अर्थ सगळ्यांना सांगितला जातो, पण त्या जागेच्या कथा बाहेरच्यांना सांगितल्या जात नाहीत. ते ज्ञान अनंगू पुरुषांपुरतं राखलेलं आहे. उलुरूच्या नावाला अर्थ नाही, पण त्याच्या काही कथा ते पाहुण्यांना आनंदाने सांगतात. कुनिया या अजगर-स्त्रीने आपल्या भाच्यासाठी लिरू या विषारी सापाशी केलेली लढाई तर लहान मुलांनाही फार आवडते. त्या लढाईच्या खुणा मुतिजुलू या पाणवठ्याजवळच्या खडकावर दाखवल्या जातात.

म्हणजे काय सांगायचं आणि काय राखून ठेवायचं, हे घरमालक ठरवतात. आपण पाहुणे. पाहुण्याने दिवाणखान्यात बसावं, देव्हारा दाखवला तर हात जोडावेत, पण घरातली कपाटं उघडून बघू नयेत. हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही ना?

चढायचं नाही, ते का?

अनंगूंच्या जगण्याचा पाया आहे ‘जुकुर्पा’. इंग्रजीत त्याला ‘ड्रीमटाइम’ म्हणायची पद्धत पडली, पण स्वप्नाशी त्याचा फारसा संबंध नाही. सृष्टी कशी घडली, माणसाने जमिनीशी, प्राण्यांशी आणि एकमेकांशी कसं वागायचं, हे सगळं जुकुर्पात येतं. तो त्यांचा कायदाच आहे.

पर्यटक ज्या वाटेने उलुरूवर चढायचे, ती वाट जुकुर्पाप्रमाणे त्यांच्या पूर्वजांची, माला पुरुषांची आहे. ते इथे विधीसाठी आले तेव्हा त्याच वाटेने वर गेले. म्हणून अनंगू स्वतः तिथे उगाच चढत नाहीत. पर्यटकांच्या सोयीसाठी मात्र खडकावर साखळी ठोकली गेली होती. रांगेने वर जाणाऱ्या माणसांना अनंगू ‘मिंगा’ म्हणायचे. मिंगा म्हणजे मुंग्या.

बरीच वर्षं पायथ्याशी फक्त विनंतीची पाटी होती, ‘कृपया चढू नका’. लोक ती वाचायचे आणि चढायचे. त्या चढणीवर 35हून जास्त माणसांनी जीव गमावला. कुणी घसरून, कुणी उन्हाने आणि दमाने. अनंगूंना याचं फार दुःख व्हायचं, कारण आपल्या जमिनीवर आलेल्या पाहुण्याची काळजी घेणं ही त्यांच्या कायद्याने त्यांचीच जबाबदारी. ‘चढू नका’ या विनंतीत श्रद्धेइतकीच ही काळजीही होती.

अखेर 26 ऑक्टोबर 2019 रोजी चढाई कायमची बंद झाली. जमीन परत मिळाली तीच ही तारीख. त्याआधीच्या दिवसांत ‘शेवटची संधी’ म्हणून चढणाऱ्यांच्या लांबच लांब रांगा लागल्या होत्या. दुसरीकडे, उलुरूवरून आठवण म्हणून उचलून नेलेले दगड लोक माफीच्या चिठ्ठीसोबत पोस्टाने परत पाठवतात. अशा दगडांना तिथे ‘सॉरी रॉक्स’ असं नावच पडलंय.

आपल्या घराजवळ

आपल्याकडे सिक्कीममध्ये कांचनजंगा आहे. नावाचा अर्थ ‘बर्फाचे पाच मोठे खजिने’. तिथल्या लोकांसाठी हा पर्वत रक्षक देव आहे. 25 मे 1955 रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन नेपाळच्या बाजूने वर पोचले आणि सिक्कीमच्या राजाला दिलेला शब्द पाळून शिखराच्या काही फूट खाली थांबले. 8,586 मीटर उंचीच्या पर्वतावर शेवटची चार पावलं न टाकणं किती अवघड असेल!

आणि आपलं कळसूबाई? अकोले तालुक्यातलं 1,646 मीटर उंचीचं हे शिखर महाराष्ट्रातलं सर्वांत उंच. लोककथेप्रमाणे कळसू ही कोळी समाजाची मुलगी. केर-भांडी करणार नाही, या अटीवर ती एका घरी कामाला राहिली. अट मोडली गेली, तशी ती घर सोडून डोंगरावर निघून गेली आणि तिथेच राहिली. शिखरावर तिचं छोटं देऊळ आहे. नवरात्रात गावकरी वर जाऊन तिची पूजा करतात. म्हणजे इथे चढणं हीच भक्ती. उलुरूचा नियम इथे लागू नाही, इथला नियम इथल्यांना विचारायचा.

पण आपण रीलवर काय लिहितो? ‘महाराष्ट्राचं एव्हरेस्ट’! एव्हरेस्ट हे तर जॉर्ज एव्हरेस्ट या इंग्रज सर्व्हेअर जनरलचं आडनाव. आपल्या अटीवर जगू पाहणाऱ्या मुलीचं नाव असताना तिला साहेबाचं नाव कशाला?

निघण्यापूर्वी एवढं करा

* जागेचं स्थानिक नाव शोधा आणि मुलांकडून मोठ्याने म्हणून घ्या. चुकलं तरी चालेल, तिथे गेल्यावर विचारून सुधारा.
* ‘इथे काय बघायचं’ याबरोबर ‘इथे काय करायचं नाही’ हेही विचारा. उलुरूच्या पायथ्याशी काही ठिकाणी फोटो न काढण्याच्या पाट्या आहेत. तिथे मोबाइल खिशात ठेवा.
* शक्य असेल तर तिथल्याच माणसाबरोबर फिरा. त्याने एखादी गोष्ट सांगायचं टाळलं, तर आग्रह नको.
* दगड, माती, पान, काहीही पिशवीत टाकू नका.

आणि या रविवारी, मुलांना घेऊन जवळच्याच एखाद्या टेकडीवर जा. तिला नाव कुणी दिलं, हे पायथ्याच्या गावातल्या एखाद्या आजीला विचारा. तिने गोष्ट सांगितली तर शांतपणे ऐका. ती नुसतीच हसली, तर आपणही हसून पुढे चालू लागावं.