क्रीडांगणावरील कर्णा

गेल्या थंडीच्या दिवसांत आमच्या शाळेच्या कांहीं माजी विद्यार्थ्यांनीं मला एका शर्यतीचें आमंत्रण दिलें. हे तरुण सध्यां अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहेत. त्यांनीं आपल्या हातांनीं एक लहानशी धांवगाडी तयार केली होती. अशा गाडीला 'कार्ट' म्हणतात. नळ्या जोडून केलेला सांगाडा, चार छोटीं चाकें, एक इंजिन आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर चालकाची बैठक, एवढाच तिचा संसार. छप्पर नाहीं, दार नाहीं. १९५६ सालीं कॅलिफोर्नियांत आर्ट इंगल्स नांवाच्या कारागिरानें अशी पहिली गाडी बनविली, आणि आज मोटार-शर्यतींतील पुष्कळ नामांकित चालकांचा श्रीगणेशा याच गाडीवर होतो. आपल्या महाराष्ट्रांतहि कोल्हापूरच्या मोहिते रेसिंग अकादमीच्या धांवपट्टीवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. मीं पाहिलेली शर्यत त्या मानानें फारच साधी, हौशी मंडळींनीं हौशी मुलांसाठीं भरविलेली होती, आणि ती दुसऱ्याच एका गांवीं झाली. त्या गांवाचें अथवा चालकमंडळाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण जो दोष मला तेथें आढळला, तो आपल्या घरचाहि आहे.

सकाळपासून कर्णे गर्जत होते. पंचांच्या तंबूशेजारीं एका उंच खांबावर दोन मोठे कर्णे बांधलेले होते, आणि त्यांतून एक गृहस्थ अव्याहत बोलत होते. तंबूजवळचे प्रेक्षक कानांवर हात ठेवून बसले होते. आणि दोनशें पावलांवर, जेथें मुलें आपापल्या गाड्या दुरुस्त करीत होतीं, तेथें केवळ एक घरघर पोहोंचत होती. दुपारीं पंचांनीं एक फेरी वीस मिनिटें अलीकडे आणली व तशी घोषणा केली. आमच्या चमूंतील चालकाचें आडनांव 'डि' या अक्षरानें सुरू होतें. वसईकरांस सांगावयास नको कीं डिसोजा, डिसिल्वा, डिमेलो, डिकुन्हा या मंडळींनीं आपलीं हजेरीपत्रकें कशीं भरलेलीं असतात! त्या दिवशीं मैदानावर असे तिघे होते. कर्ण्यांतून 'डि' तेवढा आला. पुढचें सारें वाऱ्यानें आणि इंजिनांनीं गिळलें. दुसऱ्या कोणाला तरी हांक आली असावी असें समजून तिघेहि हातांतलें काम करीत राहिले, आणि आमच्या मुलावांचून फेरी सुटली. आठ महिन्यांची मेहनत नळ्यांच्या सांगाड्यासकट तेथेंच उभी राहिली.

मुलाचे वडील रात्रभर प्रवास करून आले होते. ते मला एवढेंच म्हणाले, "सर, तो हरला असता तर वाईट वाटलें नसतें. पण त्याला कोणीं बोलावलेंच नाहीं." चालकांकडे चौकशी केली तेव्हां उत्तर मिळालें, "आम्ही तर दोनदां पुकारलें होतें." दोघेहि खरें बोलत होते. पुकारलें होतें, पोहोंचलें नव्हतें. या दोन क्रियापदांमधील अंतर हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

तंबूंत यावर तत्काळ एक उपाय निघाला: "पुढच्या वर्षीं याहून मोठे कर्णे आणूं." बहुतेक ठिकाणीं हाच उपाय सुचतो. १९१५ सालीं प्रिडम आणि जेन्सन या दोघां संशोधकांनीं सान फ्रान्सिस्को शहरांत हजारों लोकांपुढें आपला ध्वनिक्षेपक वाजवून दाखविला. त्यांच्या यंत्राला त्यांनीं 'मॅग्नाव्हॉक्स' असें लॅटिन नांव दिलें; त्याचा अर्थच मुळीं 'मोठा आवाज'. तेव्हांपासून मोठेपणा हाच या यंत्राचा सद्‍गुण अशी आपली समजूत होऊन बसली आहे. माझें मत याच्या उलट आहे. अशा मैदानावर आवाज वाढवावयाचा नसून तो वाटावयाचा असतो.

विद्यार्थ्यांनीं हा हिशेब स्वतः करून पाहावा. उघड्या मैदानांत अंतर दुप्पट झालें कीं ध्वनीची तीव्रता चतुर्थांश होते. अंतर दसपट झालें कीं ती शतांश होते, म्हणजेच २० डेसिबलांनीं घटते. शंभर मीटरांवरील मनुष्याच्या कानीं ८० डेसिबल पडावेत अशी इच्छा असेल, तर कर्ण्यापासून एका मीटरवर १२० डेसिबल हवेत. आणि एवढा ध्वनि कानाला पीडा देणारा आहे. उलट, श्रोता दहा मीटरांवर असेल तर त्याच कामाला शंभरावा हिस्सा शक्ति पुरते. म्हणजे एका खांबावरील राक्षसी कर्ण्याऐवजीं धांवपट्टीच्या कडेनें दहा लहान कर्णे मांडले, तर त्या दहांची मिळून शक्ति त्या एकाच्या दशांशच होईल. आणि जवळच्याचे कान फुटणार नाहींत, दूरच्याचे उपाशी राहणार नाहींत. आपल्या लोकल गाड्यांच्या फलाटांवर हीच व्यवस्था असते. तेथें एका टोकाला एक भला मोठा कर्णा नसून ठराविक अंतरावर लहान लहान कर्णे टांगलेले असतात. लांब तारेवर असे अनेक कर्णे जोडावयाचे तर १०० व्होल्टांची जोडणी करून प्रत्येक कर्ण्यापाशीं एक लहान ट्रान्सफॉर्मर ठेवितात, म्हणजे तारेंत शक्ति वायां जात नाहीं.

मोठ्या कर्ण्यांचा दुसरा दोष प्रतिध्वनीसारखा आहे. ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर जातो. दोन बलाढ्य कर्णे दीडशें मीटरांच्या अंतरानें लाविले, तर एकाजवळ उभ्या असलेल्या मनुष्यास तोच शब्द जवळजवळ अर्ध्या सेकंदानें पुन्हां ऐकूं येतो, आणि पुढच्या शब्दावर तो जाऊन आदळतो. लहान कर्णा दूरवर पोहोंचतच नाहीं. म्हणून तो शेजाऱ्याच्या बोलण्यांत लुडबुड फारशी करीत नाहीं.

तिसरी गोष्ट यंत्रावरील खुंट्यांची. मनुष्याच्या बोलण्यांतील जोर स्वरांत असतो, पण अर्थ बव्हंशीं व्यंजनांत असतो. आणि स, त, च यांसारख्या व्यंजनांचा ध्वनि वरच्या पट्टींत असतो. गाणीं वाजविण्याच्या संवयीनें मंडपवाल्यांचीं मुलें खालच्या सुरांची खुंटी पुरी पिळून ठेवितात. त्यामुळें घुमारा येतो आणि व्यंजनें बुडून जातात. बोलण्याच्या वेळीं ही खुंटी उतरविली पाहिजे. यास एक पैहि खर्च येत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, इंजिनांच्या गोंगाटांत चालकाला असें कितीसें ऐकूं येणार? कांहींच नाहीं. त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण असतें, आणि त्याच्यासाठीं निशाणें आहेत: पिवळें म्हणजे पुढें धोका, लाल म्हणजे शर्यत बंद, चौकडीचें म्हणजे शर्यत समाप्त. कर्णा आहे तो दुरुस्ती करणाऱ्या मुलांसाठीं, आईबापांसाठीं, प्रेक्षकांसाठीं, आणि एखादी गाडी कुंपणावर आदळली तर "मागें सरा" हें सांगण्यासाठीं. निशाण आणि घंटा खूण देतात; शब्द देत नाहींत. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतल्यावर येथील कांहीं घंटा देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील प्रसिद्ध घंटा त्यांपैकींच एक मानली जाते. अशी घंटा दूरवर ऐकूं जाते हें खरें. पण ती कांहीं तरी घडलें एवढेंच कळविते, काय घडलें तें सांगत नाहीं. ज्या कर्ण्याचे शब्द कळत नाहींत तो नुसती घंटा होय, आणि घंटेइतका मधुरहि नव्हे.

आतां बोलणाऱ्याविषयीं. यंत्र कितीहि उत्तम असलें तरी तें बोलणाऱ्याचा आळस झांकीत नाहीं. इंजिनांच्या गोंगाटापेक्षां बोलणें श्रोत्याच्या कानाशीं निदान दहा-पंधरा डेसिबलांनीं वरचढ असेल तरच शब्द सुटे कळतात. म्हणून महत्त्वाची सूचना फेरी चालू असतांना न देतां दोन फेऱ्यांच्या मधल्या शांततेंत द्यावी. अखंड बडबड करूं नये. जो सतत बोलतो त्याचें ऐकणें लोक सोडून देतात. आडनांवाबरोबर चालकाचें नांव व गाडीचा क्रमांकहि सांगावा. क्रमांकांतहि आपल्या भाषेचें एक संकट आहे. सत्तावन्न आणि अठ्ठावन्न, सदुसष्ट आणि अडुसष्ट, एकोणतीस आणि एकोणचाळीस हे जोड वाऱ्यावर एकसारखेच वाटतात. तेव्हां 'सत्तावन्न' असें म्हणून लगेच 'पांच-सात' असे सुटे आंकडे उच्चारावेत. तसेंच वेळेंतील प्रत्येक बदल फळ्यावरहि लिहावा. कान चुकला तर डोळा सांवरून घेईल.

खर्चाचा आक्षेप मला ठाऊक आहे. हौशी मंडळापाशीं पैसा नसतो. गाडीचें चाक बदलावयाचें कीं कर्णे भाड्यानें आणावयाचे, असा प्रश्न त्यांस पडतो. मीहि शिक्षक असल्यामुळें वर्गणीच्या पुस्तकाशीं माझा परिचय जुना आहे. कर्णे अधिक आणि तार लांब, म्हणजे भाडें कांहीं वाढेल हें मी नाकारीत नाहीं. परंतु सर्वच कर्णे पहिल्या वर्षीं नकोत. गाड्या दुरुस्त करण्याच्या जागीं एक आणि प्रेक्षकांच्या दूरच्या टोकाला एक, एवढे जरी लाविले तरी त्या दिवशींची चूक टळली असती. शर्यतीची रंगत गोंगाटांतच आहे असें म्हणणाऱ्यांशींहि माझें भांडण नाहीं. इंजिनांनीं खुशाल गर्जावें; कर्ण्यानें मात्र बोलावें.

आपल्या वसई-विरारकडे वळूं. येथें २०११ पासून महापौर मॅरेथॉनचा प्रघात पडला. नाताळच्या दिवसांतील कला-क्रीडा महोत्सव तर तालुक्याच्या अंगवळणीं पडला आहे. शाळाशाळांचे क्रीडादिन निराळेच. या सर्वांत श्रोते एका मंडपांत बसलेले नसून मैदानभर अथवा रस्ताभर पसरलेले असतात. म्हणजे प्रश्न तोच आहे. त्यांत दुपारीं समुद्रावरून वारा सुटतो. वाऱ्याच्या दिशेनें ध्वनि जमिनीकडे वळतो व विरुद्ध दिशेला वर उचलला जातो, म्हणून दुपारच्या खेळांसाठीं कर्णे पश्चिमेच्या कडेला, पूर्वेकडे तोंड करून लावणें बरें. शेजाऱ्यांचाहि विचार हवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें ध्वनिक्षेपक लावण्यास लेखी परवानगी लागते, आणि सार्वजनिक जागेच्या सीमेवर त्याचा ध्वनि ७५ डेसिबल, अथवा त्या भागासाठीं ठरविलेल्या ध्वनिमर्यादेहून १० डेसिबल अधिक, यांतील जें कमी असेल त्याहून वाढतां कामा नये. मोठा कर्णा हा नियम मोडतो आणि तरीहि आपल्या मुलांस ऐकूं येत नाहीं. लहान कर्णे नियम सांभाळूनहि ऐकूं येऊं शकतात.

आमच्याच शाळेच्या क्रीडादिनीं मीं स्वतः कित्येकदां ध्वनिक्षेपकापुढें उभें राहून नांवें पुकारलीं आहेत, आणि मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यांत काय पोहोंचलें हें एकदांहि जाऊन पाहिलें नाहीं. हा दोष माझा आहे. यंदां आमच्या विद्यार्थ्यांनीं एक सोपा प्रयोग करावा अशी माझी सूचना आहे. क्रीडादिनाच्या आदल्या सायंकाळीं एकानें ध्वनिक्षेपकावरून वीस आडनांवें व वीस क्रमांक वाचावेत. चार कोपऱ्यांत चौघांनीं जें ऐकूं येईल तें लिहून काढावें. ज्या कोपऱ्यांत चुका अधिक, तेथें कर्णा हलवावा आणि पुन्हां वाचावें. यास कागद, पेन्सिल व अर्धा तास लागेल.

हौशी खेळाडूला बक्षिसाचा पैसा मिळत नाहीं, वर्तमानपत्रांत त्याचें छायाचित्र येत नाहीं. चारचौघांत आपलें नांव स्पष्ट पुकारलें जावें आणि तें कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या आईबापांनीं ऐकावें, एवढीच त्याची मिळकत. ती त्यास पूर्ण पोहोंचविणें हें यजमानाचें कर्तव्य आहे. त्या दिवशीं परततांना आमच्या मुलानें गाडीचा पुढचा क्रमांकफलक काढून मांडीवर घेतला होता. पुढच्या वर्षीं तो पुन्हां जाणार आहे. त्याला कोठें तरी त्याचें संपूर्ण नांव ऐकूं यावें, अशी माझी मनापासून इच्छा आहे.