अंगठा मागण्याआधी कागद वाचून दाखवा

"म्हातारी माणसं ऐकत नाहीत, संशय घेतात, कागदपत्रं हातात देत नाहीत." बारामती-इंदापूर भागात ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्यांची बैठक बसली की ही तक्रार हमखास निघते. मला ही तक्रारच मान्य नाही. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचा संशय हा वयाचा दोष नाही. तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेला शहाणपणा आहे.

हा अनुभव कसला? महार वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. त्याच्या आधी आणि नंतरही कितीतरी वतनी जमिनी कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदांवरच्या अंगठ्यांनी हातच्या गेल्या. पुढे उजनी धरणाच्या पाण्यात इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव आणि आसपासची गावं गेली, तेव्हाही कागदांचे ढीग आले. कागद घेऊन येणारा माणूस गोड बोलतो आणि काहीतरी घेऊन जातो, हे या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. मग आपण फाईल घेऊन दारात उभे राहिलो की त्यांनी लगेच विश्वास का ठेवावा? केवळ आपल्या छातीवर निळा बिल्ला आहे म्हणून?

इंदापूर तालुक्यातल्या एका वस्तीवर एक आजी मला म्हणाल्या, "आदी वाचून दाव. मंग अंगठा." समाजकार्याचं यापेक्षा नेमकं सूत्र मला एमएच्या पुस्तकांत सापडलं नाही. विश्वास हा आपल्या स्वभावाच्या गोडव्याने मिळत नाही, व्यवहाराने मिळतो. अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा. मूळ आधारकार्ड, रेशनकार्ड ठेवून घ्यायचं नाही, झेरॉक्स घ्यायची. "करून देतो" असं वचन द्यायचं नाही, काय होऊ शकतं आणि काय अडू शकतं ते सांगायचं. मंगळवारी येतो म्हटलं तर मंगळवारी जायचं, काम झालेलं नसलं तरी.

दुसरा मुद्दा बोलण्याचा. सत्तरीच्या माणसाला "काय रे म्हाताऱ्या", "ए आजे, इकडं बस" असं कार्यालयांत सर्रास ऐकू येतं. ज्यांची नावंही गावाने कधी धड घेतली नाहीत, त्यांच्यासाठी ही अरेतुरे साधी नसते. तिच्यात जात असते. म्हणून "अहो बाबा", "अहो आजी" ही सभ्यता नव्हे, भूमिका आहे. आणि हो, आपलेच कार्यकर्ते किराणा वाटताना म्हाताऱ्या बाईच्या हातात पिशवी देऊन फोटो काढतात, तेव्हा तेही तिचा मान कमीच करतात.

तिसरा मुद्दा हक्काचा. पासष्ट वर्षांवरच्या निराधारांसाठी राज्याची जी योजना आहे, तिचं नावच श्रावणबाळ. कावडीत आईबापांना बसवून नेणारा आज्ञाधारक मुलगा! म्हणजे म्हातारपण हा मुलाच्या पुण्याचा प्रश्न आणि सरकार म्हणजे दयाळू मुलगा. आमच्या संविधानातलं कलम ४१ असं बोलत नाही. बेकारी, म्हातारपण, आजारपण यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्काबद्दल ते बोलतं. ज्यांनी नीरेच्या कालव्याखालच्या बागायतीत दुसऱ्यांचा ऊस खुरपला, तोडला, आणि बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, त्यांना महिन्याला १५०० रुपये मिळतात, तेही कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला दिला तर. महिन्याचे १७५० रुपये. कुणाचं घर एवढ्यात चालतं? त्यात खुरप्याने झिजलेल्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. ज्या कष्टाने बोटं झिजली, त्याच कष्टामुळे पैसे अडतात. पगार पन्नास वर्षांपूर्वीच थकलाय, ही भीक नाही, हे आपण आधी स्वतः मानलं पाहिजे. आपण दयेने गेलो तर ते ओशाळतात, हक्काने गेलो तर बोलू लागतात.

चौथा मुद्दा घरातल्या भांडणांचा. २००७ च्या कायद्यानुसार मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ताही परत मिळवता येते. हे सांगणं आपलं काम आहे. पण तक्रार करायची की नाही, हे ठरवणं आपलं काम नाही. मुलाविरुद्ध अर्ज करायला आई नाही म्हणाली तर तिला भित्री ठरवू नका. उद्या आपण निघून जाऊ, तिला त्याच घरात राहायचंय. मात्र तिच्याशी बोलताना मुलाला समोर बसवू नका आणि तिचे पैसे बँकेतून कोण काढतं, हे तिलाच विचारा.

काही मित्र म्हणतील, वेळ कुठे आहे? एका दिवसात चाळीस अर्ज भरायचे असतात. पण विश्वास नसताना भरलेल्या अर्जातलं वय चुकतं, वारस चुकतो, खरी अडचण कळतच नाही. मग तेच काम तीनदा करावं लागतं. दुसरे म्हणतील, म्हातारी अजून देव्हारा काढत नाही, आधी प्रबोधन करा. प्रबोधन जरूर करा. पण बावीस प्रतिज्ञा या तिला दरडावण्यासाठी दिलेल्या नाहीत. सिगालोवाद सुत्तात बुद्धाने मायबाप आणि मुलं, मालक आणि कामगार अशा प्रत्येक नात्यात दोन्ही बाजूंची कर्तव्यं सांगितली. एकतर्फी उपदेश हा आपला धम्म नव्हे.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी वयस्कर स्त्री-कार्यकर्त्यांना भेटून, त्यांच्याजवळ बसून ऐकलं, म्हणून १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. त्या बायांना कुणी नुसत्या लाभार्थी म्हणून मोजलं असतं, तर आपल्या चळवळीचा अर्धा इतिहास मातीत गेला असता. आपल्या यादीतल्या प्रत्येक नावामागे असा इतिहास बसलेला आहे. ती यादी घेऊन जाल तेव्हा घाई घरी ठेवून जा.

जयभीम!