कोलकात्याच्या पायाखालचा गाळ

१२ जून १८९७ रोजी शिलाँगच्या पठाराला प्रचंड भूकंपाने हादरवले. केंद्र शेकडो किलोमीटर दूर असूनही कलकत्त्यातील अनेक इमारतींना तडे गेले. याच शहरात मुख्यालय असलेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९९ सालच्या अहवालात सपाट प्रदेशातील जमीन दुभंगून वाळू व पाणी उसळल्याची नोंद केली आहे. त्याची मीमांसा शास्त्राने पुढे केली. पाण्याने भरलेली सैल वाळू हादरली की कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, कणांची परस्परांवरील पकड सुटते आणि जमीन द्रवासारखी वागू लागते. १९६४ साली जपानमधील नीगाता येथे इमारती अखंडच्या अखंड कलंडल्या, त्या याच कारणाने. १९७१ साली सीड व इद्रिस यांनी जमिनीत विंधण घेऊन केलेल्या चाचणीवरून हा धोका आधीच अजमावण्याची पद्धती सिद्ध केली.

कोलकाता गंगेच्या गाळावर वसले आहे. सॉल्ट लेक तर साठच्या दशकात हुगळीतील गाळ नळांवाटे आणून, दलदल बुजवून उभारले गेले. असे मऊ थर दूरचा हादराही वाढवतात. १९८५ साली मेक्सिको शहरात हजारो माणसे मेली, तेव्हा भूकंपाचे केंद्र साडेतीनशे किलोमीटरांहून दूर होते. परंतु शहराचा मोठा भाग जुन्या सरोवराच्या तळावर उभा होता.

तेव्हा प्रश्न ज्ञानाचा उरलेला नाही. खरगपूरच्या आयआयटीतील संशोधकांनी कोलकात्यातील धोक्याचे विभागवार नकाशे तयार केले आहेत. सैल जमीन ठोकून घट्ट करणे, तीत खडीचे स्तंभ भरणे, खोलवरच्या घट्ट थरापर्यंत पाया नेणे, हे उपायही ज्ञात आहेत. प्रश्न आहे तो हे ज्ञान कोणाच्या उपयोगी पडते हा. उंच मनोऱ्याचा मालक तज्ज्ञाचा सल्ला विकत घेऊ शकतो. बुजवलेल्या तळ्यावरील स्वस्त सदनिकेत आयुष्याची पुंजी ओतणाऱ्या कारकुनाला खाली काय आहे हे कोणी सांगत नाही. १९९३ साली किल्लारीत जड दगडी भिंतींखाली कोण गाडले गेले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही.

खर्च परवडत नाही, हा युक्तिवाद टिकणारा नाही. इमारतीच्या किमतीपुढे मातीची चाचणी अल्पच असते. ती केल्याशिवाय बांधकामास परवाना मिळता कामा नये. निष्कर्ष व नकाशे जनतेसाठी खुले हवेत. तळी बुजवण्यास असलेली कायद्याची बंदी कागदावर राहू नये. जुन्या घरांचे मजबुतीकरण भाडेकरूंना हुसकावण्याचे निमित्त होता कामा नये. भूकंप थोपवणे माणसाच्या हाती नाही. त्याने कोणाचे घर पाडावे, हे मात्र बाजारावर सोपवण्याचे कारण नाही.