दार उघडं, संशय मावशींवर

हॉस्टेलमध्ये लॅपटॉप गेला की पहिल्या अर्ध्या तासात कोणाची पिशवी तपासली जाते? झाडलोट करणाऱ्या मावशींची. मग मेसमध्ये ताटं उचलणाऱ्या पोराला बोलावतात. कोण कधी खोलीत नसतो, किल्ली कुठे ठेवतो, हे मावशींपेक्षा मजल्यावरच्या पोरांना जास्त ठाऊक. तरी झडती मावशींचीच. त्या डोळ्याला पदर लावतात, दोन दिवस कामावर येत नाहीत, आणि लॅपटॉप काही मिळत नाही. ही पद्धत बंद झाली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी आधी आपण आपल्या दाराकडे बघू.

आपलं दार म्हणजे सताड उघडं. आंघोळीला जाताना उघडं, जेवायला जाताना उघडं, लाईट गेली की वाऱ्यासाठी उघडं. बेळगावच्या पावसात कपडे बाहेर वाळत नाहीत, म्हणून खोलीत दोरी बांधतात आणि दमट वास जावा म्हणून पुन्हा दार उघडं. लॅपटॉप पलंगावर, चार्जिंगला लावलेला. "दोन मिनिटांत येतो की" म्हणून गेलेला माणूस खाली मॅचचा स्कोअर बघत अर्धा तास उभा. दोघांत किल्ली एकच, म्हणून ती चौकटीवर नाहीतर चपलेत, आणि ती जागा अख्ख्या मजल्याला पाठ!

काही जण चांगलं पाचशे रुपयांचं कुलूप आणतात. पण कोयंडा पत्र्याचा, आणि त्याचे स्क्रू बाहेरच्या बाजूला. कुलूप फोडायला नकोच, स्क्रूड्रायव्हर पुरतो. आता कोयंडा बदलणं काही आपलं काम नव्हे. ते हॉस्टेलनं करायचं, आणि आपण सगळ्यांनी सही करून लेखी मागायचं. तोंडी सांगितलेलं "बघू" वर संपतं.

लायब्ररीत लॅपटॉप टेबलावर ठेवून जागा अडवायची आणि चहाला जायचं, ही आणखी एक सवय. बऱ्याच लॅपटॉपच्या कडेला एक बारीक खाच असते. तिच्यात केन्सिंग्टन लॉक बसतं, म्हणजे तारेची दोरी टेबलाच्या पायाला अडकवायची. कटर घेऊन आलेल्याला ती थांबवणार नाही, जाता जाता उचलणाऱ्याला थांबवेल. नव्या पातळ मॉडेलना ही खाच पुष्कळदा नसते, तेव्हा घेतानाच बघावं.

चोरी झालीच तर पोलीस सिरियल नंबर विचारतात. तो असतो लॅपटॉपच्या पोटावर, आणि लॅपटॉप तर गेलेला! म्हणून आजच त्याचा आणि बिलाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. चोरीचा मोबाईल आयएमईआय नंबरवरून 'संचार साथी'वर ब्लॉक करता येतो. साध्या लॅपटॉपला तो नंबरच नसतो, त्यामुळे ती वाट बंद.

राहत्या जागेतून केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम 305 खाली सात वर्षांपर्यंत कैद आहे. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून घेणाऱ्यालाही कलम 317 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "बिल नाही, पण स्वस्तात देतो" म्हणणाऱ्याकडून आपलीच पोरं लॅपटॉप घेतात, म्हणून हे सांगतोय.

वस्तूपेक्षा आतलं जास्त लागतं. विंडोजचा पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नये. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की एन्क्रिप्शन नसलेल्या सगळ्या फायली उघडतात. ते सेटिंगमध्ये चालू आहे का बघा, आणि त्याची रिकव्हरी की वेगळी जपून ठेवा. प्रोजेक्टची एक प्रत ऑनलाईन ठेवा. पेनड्राईव्हवर कॉपी आहे म्हणतात, आणि तो पेनड्राईव्ह त्याच बॅगेत! खानापूर-चंदगडकडच्या कितीतरी घरांत लॅपटॉपचा हप्ता चालू असतो, आणि लॅपटॉप गेला म्हणून तो काही थांबत नाही.

राहता राहिला मावशींचा प्रश्न. झाडायची वेळ ठरवून घ्यावी आणि त्या वेळी दोघांपैकी एकानं खोलीत थांबावं. रिकाम्या खोलीत शिरायला त्या आपल्यापेक्षा जास्त घाबरतात. कधीतरी विचारून बघा.